बाबाची सुट्टी कधी संपते?

माझा आवाज मोठा आहे. आधीच सांगून ठेवते, मागाहून तक्रार नको. मी बसमध्ये कंडक्टर आहे, आणि "पुढे सरका, पुढे जागा आहे" हे ओरडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पुढे जागा असतेच असं नाही, पण ओरडावं लागतं. त्यामुळे माझ्याशी कुणी कुजबुजत बोलायला लागलं की मला आधी संशय येतो आणि मग राग.

परवा दादाच्या घरी गेले तर दार मुंगीनं उघडलं. मुंगी म्हणजे दादाची मुलगी. सदान्‌कदा तोंडात काहीतरी धरून इकडून तिकडे चाललेली असते, म्हणून मुंगी. एरवी आत्या म्हणून गळ्यातच पडते. त्या दिवशी तिनं मला दारातच खाली वाकवलं, कानाला तोंड लावलं आणि विचारलं, "आत्या, बाबाची सुट्टी कधी संपते गं?"

"का गं?" मी म्हटलं.

"हळू बोल ना! बाबा सुट्टीवर आहे."

घरात आजारी माणूस आहे असं सांगावं, त्या सुरात. बघते तर दाराशी तिची शाळेची पिशवी भरून ठेवलेली. पुस्तकं बाहेर काढून आत फ्रॉक कोंबलेले, आणि वर दात घासायचा ब्रश उभा खोचलेला. "मी तुझ्याकडे येणार," ती म्हणाली. "शाळा उघडेपर्यंत." विचारलं नाही, सांगितलं.

मी आत गेले. अण्णा, म्हणजे आमचे वडील, खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. दादा खिडकीशी खुर्चीत. मला बघून त्याचा चेहरा खुलला, अगदी मनापासून खुलला, आणि त्यानं काय केलं? दोन बोटांनी स्वतःचं नाक ओढलं. बस्स. झालं बहिणीचं स्वागत.

आता हे नाक ओढणं काय आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा भाऊ येडा आहे. तो येडा नाही. निदान तेव्हापर्यंत मला तसं वाटत होतं.

अण्णा बेकरीत होते. रात्रभर भट्टीपुढे उभे राहायचे आणि उजाडल्यावर घरी येऊन झोपायचे. आमचं घर दोन खोल्यांचं, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. शाळा असायची तेव्हा प्रश्न नव्हता. ते झोपायचे, आम्ही वर्गात. पण शाळेला सुट्टी लागली की घोडं पेंड खायचं. दिवसभर आम्ही दोघं घरात आणि आत अण्णा झोपलेले. आईचं एकच म्हणणं असायचं: "तो माणूस रात्रभर आगीपुढे भाजून निघतो. त्याची झोप मोडाल तर याद राखा." हाताची घडी, तोंडावर बोट. शाळेत जे अर्धा तास करायचं ते आम्ही अख्खी सुट्टी करायचो.

तुम्ही म्हणाल, अरेरे, बिचारी पोरं. कसली बिचारी! आमच्यासारखी सुट्टी गल्लीत कुणाची नव्हती. आईनं नळाला चिंधी बांधली होती, म्हणजे पाणी तिच्यावरून न वाजता बादलीत उतरायचं. भांडी ती पाण्यात बुडवून बुडवून घासायची. आम्ही गोट्या गोधडीवर खेळायचो. आणि बोलायचो हातांनी. ती भाषा दादानं काढली. पीठ मळल्यासारखे हात केले की अण्णा. बोट ओठावर, की आई. पोट पुढे काढून हात कमरेवर, की शेजारच्या काकू. आणि माझं नाक जन्मापासून जरा लांबट, म्हणून नाक ओढलं की मी. मी यावर खूप भांडले, पण हातांनी भांडण्यात काय दम असतो? दादा हातांनी अख्खी गोष्ट सांगायचा, राजा आणि राक्षस आणि राक्षसाची सर्दीसुद्धा. हसू आलं की उशीत तोंड खुपसायचं. उशीत हसलेलं हसू फार वेळ टिकतं, कारण त्याला बाहेर जायला वाटच नसते. शाळा सुरू व्हायची तेव्हा मला रडू यायचं. इतर पोरांना रडू यायचं ते सुट्टी संपली म्हणून, मला यायचं ते आता सगळे तोंडानं बोलणार म्हणून.

पुढे आम्ही मोठे झालो. मी बसवर चढले आणि माझा आवाज फुटला तो फुटलाच. दादा लागला बाटल्या भरण्याच्या कारखान्यात. तिथं काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून धावतात आणि एकमेकींवर अशा आपटतात की कानठळ्या बसतात. तुम्ही शेजारच्याच्या कानात ओरडलात तरी त्याला फक्त तुमचे दात दिसतात. तिथं माझ्या भावाचं नशीब उघडलं म्हणा ना. पहिल्याच आठवड्यात त्यानं हातांनी सांगितलं की तिसऱ्या पट्ट्यावर झाकणं वाकडी बसतायत, आणि ते सगळ्यांना कळलं. मग बाकीचेही शिकले. आज त्या कारखान्यात दादाला "पोपट" म्हणतात. पोपट! त्याच्या लग्नात मुकादम मला म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ इतका बोलतो की आम्हाला डोळे मिटून ठेवावे लागतात."

आणि घरी? घरी सुट्टीच्या दिवशी दादा असतो की नसतो हे शोधावं लागतं. त्यांच्या कारखान्यात वर्षातून एकदा सगळी यंत्रं खोलून साफ करतात आणि सगळ्यांना सक्तीची सुट्टी देतात. ती नेमकी मुंगीच्या शाळेच्या सुट्टीत येते. वहिनी औषधांच्या दुकानात कामाला, ती सकाळीच जाते. मग उरले तिघं, अण्णा, दादा आणि मुंगी. वहिनी म्हणते, "ताई, घरात तीन माणसं आहेत की तीन खुर्च्या आहेत, दुपारी आल्यावर मला कळत नाही."

त्या सकाळी मी हे स्वतः पाहिलं. दादा पावलं टेकवत नव्हता, ठेवत होता. दाराची कडी त्यानं अशी लावली की मलाही ऐकू आली नाही, आणि मी शेजारी उभी होते. मुंगीचा चेंडू खुर्चीखाली गेला तर हा झटकन वाकला, चेंडू काढला, तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, गाल फुगवले, हातांनी काहीतरी मोठं गोल केलं. मला लगेच कळलं, तो राक्षस होता. सर्दीवाला. मी फस्सकन हसले. मुंगी मात्र चेंडू पोटाशी धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"बाबा रागावलाय," ती म्हणाली.

"अगं, तो गोष्ट सांगतोय!"

"मग सांगत का नाही?"

मी दादाकडे बघितलं. तो अजून गाल फुगवून उभा होता. त्याला वाटत होतं मुंगी हसणार आहे, जराशानं.

दुपारी वहिनी जेवायला घरी आली आणि सगळे एकत्र बसलो. ताटं मांडली, आणि मी विषय काढला. माझ्या पोटात काही राहत नाही. "दादा, मुंगी माझ्याबरोबर येतेय. शाळा उघडेपर्यंत. पिशवी भरून बसलीय पोर."

दादानं पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दोन्ही हात पुढे सरकवले, म्हणजे, जाऊ दे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तोंड उघड!" मी ओरडले. बसमधला आवाज लागला. पेल्यातलं पाणी हललं असेल. "पोरगी घर सोडून चाललीय आणि तू हातवारे काय करतोस? तुझी सुट्टी कधी संपते म्हणून विचारते ती मला! बापाची सुट्टी संपायची वाट बघणारी पोर मी पहिल्यांदा बघितली!"

मुंगी ताट सोडून उठली आणि दाराशी पिशवीजवळ जाऊन बसली. वहिनी म्हणाली, "न्या ताई. चार दिवस हसेल तरी."

दादानं ताट बाजूला सरकवलं. मग अगदी हळू, शब्द शोधत शोधत बोलला. "मला वाटलं तिला मजा येतेय. तीही गप्पच असते ना. मला वाटलं जमलंय आमचं."

"काय जमलंय?"

"सुट्टी." तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काहीतरी विसरलेय. "आपली असायची तशी. मी वर्षभर थांबतो गं या दिवसांसाठी. कारखान्यात हातांनी बोलतो ते काम असतं. सुट्टीतलं वेगळं. मला दुसऱ्या तऱ्हेनं सुट्टी घालवताच येत नाही. तिला आवडत नाही?"

त्यानं हे खरंच विचारलं. माझा राग कुठे गेला मला कळेना, आणि राग गेल्यावर माझ्याकडे बोलायला फारसं काही उरत नाही. मी म्हटलं, "अरे, पण आपल्याला गप्प बसायला कारण होतं. अण्णा झोपलेले असायचे."

"कोण झोपलेलं असायचं?" खाटेवरून अण्णा म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. अण्णा हल्ली कमी बोलतात. खरं तर नेहमीच कमी बोलायचे.

"तुम्ही," मी म्हटलं. "सुट्टीत. आत."

"मी कुठला झोपतोय!" अण्णा म्हणाले. "मी बारा वर्षांचा असल्यापासून बेकरीत. पीठ मळायच्या यंत्राला पाठ लावून डुलक्या काढायला शिकलो. मला गोंगाटात झोप लागते. शाळेच्या दिवसांत बरं होतं, पलीकडचा तो पत्रे ठोकणारा दिवसभर ठोकायचा, तुमची आई भांडी आपटायची, मी ढाराढूर. सुट्टी लागली की तिनं त्या ठोकणाऱ्यालाही सांगून ठेवलेलं, आता घरात पोरांचा गोंगाट असणार, तू तरी जरा हळू. आणि घरात चिडीचूप. डोळा लागायचा नाही माझा. दिवस दिवस छताकडे बघत पडायचो."

मी ऐकतेय आणि मला काही उमजेना. "मग बाहेर का नाही आलात?"

"आलो होतो की एकदा. म्हटलं, बघू तरी पोरं काय करतायत. दार उघडलं तर तुम्ही दोघं गोधडीवर. मला बघितलं आणि दोघांचे हात हवेत तसेच राहिले. तोंडं अशी झाली जणू पोलीस आला." अण्णांनी पांघरुणाचं टोक बोटांत धरलं आणि सरळ करत राहिले. "मला फार वाईट वाटलं रे. म्हटलं, आपली पोरं आपल्याला भितात. परत आत गेलो."

तो दिवस मला आठवतो. चांगला आठवतो. अण्णा दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेले, दार लावून. आम्हाला वाटलं ते भयंकर चिडलेत. त्या दिवसापासून आम्ही गोट्याही बंद केल्या.

"अहो, पण सांगायचं नाही का!" माझा आवाज पुन्हा चढला, पण आता कुणावर चढला ते मलाच ठाऊक नव्हतं. "एक शब्द बोलला असतात!"

"काय बोलू? तुमची आई रोज मला सांगायची, बघा हो, पोरं तुमच्यासाठी किती शहाण्यासारखी राहतात, ब्र काढत नाहीत. एवढ्या कौतुकानं सांगायची. मला वाटलं तुम्ही आपल्या मनानं करताय. पोरांनी बापासाठी केलेलं, ते कसं मोडू?"

भात गार झाला. आई असती तर तिला विचारलं असतं, पण आई जाऊन वर्षं झाली, आणि तिची तरी काय चूक? तिनं अण्णांसाठी केलं, आम्ही आईसाठी केलं, अण्णांनी आमच्यासाठी केलं. चौघांनी मिळून एक अख्खं बालपण चिंधीत बांधून ठेवलं आणि झोपत तर कुणीच नव्हतं. यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं? मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही, आणि माझ्यासारखीला ते जड जातं.

दादाचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं मला विचारलं, "म्हणजे आपल्या सुट्ट्या चांगल्या होत्या की वाईट?"

"मला काय विचारतोस?"

"तू होतीस ना तिथं. मला मजा यायची. तुला यायची?"

"यायची."

"आणि अण्णा भिंतीपलीकडे छताकडे बघत पडलेले."

"हो."

"मग ती मजा होती का?"

मी कंडक्टर आहे हो. मला विचारा कुठली बस कुठे जाते. हे असलं मला काय विचारता? मला ती उशी आठवत होती, तिच्यात कोंडलेलं हसू आठवत होतं, आणि आता त्याच्या मागे अण्णांचे उघडे डोळे दिसत होते. दोन्ही खरं होतं. एक काढून टाकावं म्हटलं तर दुसरंही हलायचं.

दादा उठला. मुंगीसमोर जमिनीवर बसला, मांडी घालून. हात त्यानं मांडीखाली दाबून ठेवले होते, हे मी बघितलं.

"मुंगे," तो म्हणाला. घोगरा आवाज आला, त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. "तू आत्याकडे जा हवं तर. पण मला एक सांग. तुला मी सुट्टीत कसा हवा? मला खरंच माहीत नाही. तू सांगशील तसं करतो."

मुंगीनं ब्रश बाहेर काढला, पुन्हा खोचला. "तू सुट्टीच्या दिवशी घरी येतच नाहीस," ती म्हणाली.

"अगं, मी तर दिवसभर घरीच असतो!"

"हो, पण येत नाहीस!" ती जवळजवळ रडायला आली होती, मोठ्या माणसाला साधी गोष्ट कळत नाही म्हणून. "कामाच्या दिवशी तू येतोस. जिन्यातूनच ओरडतोस, मुंगे, आलो गं! मग मी दार उघडते. मग तू सगळं मोठ्यानं मोठ्यानं सांगतोस आणि आई म्हणते हळू, आणि तू म्हणतोस काय? ऐकू नाही आलं! सुट्टीच्या दिवशी ते होतच नाही."

मी वहिनीकडे बघितलं. "खरं आहे," वहिनी म्हणाली. "कारखान्यातून येतात तेव्हा कान बधिर झालेले असतात त्यांचे. तासभर तरी ओरडूनच बोलतात. त्यांना पत्ताच नसतो. खालच्या मजल्यावरून तक्रार आलीय दोनदा."

"मी ओरडतो?" दादानं विचारलं. आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत. "मी?"

"खूप!" मुंगी म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

दादा तसाच बसून राहिला. माझ्या भावाला त्या एका दुपारी समजलं की त्याचे अण्णा सुट्टीत कधी झोपलेच नव्हते, आणि त्याच्या मुलीला तो आवडतो तो बहिरा होऊन ओरडतो तेव्हा. माणसानं एका जेवणात किती पचवावं? मग तो एकदम उठला, पायांत घरातल्याच चपला सरकवल्या आणि दार उघडून बाहेर गेला. दार धाडकन आपटलं. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली.

"कुठे गेले?" वहिनी म्हणाली. "जेवण?"

मी गॅलरीत धावले, मुंगी माझ्या बगलेतून पुढे घुसली. भर दुपार, रस्ता रिकामा. दादा खाली फाटकाशी जाऊन उभा राहिला होता, सदऱ्यावर भाताचं शीत, पायांत दोन वेगळ्या चपला, त्यातली एक वहिनीची. जायचं कुठे ते त्याला माहीत नव्हतं आणि किती वेळ बाहेर राहिलं म्हणजे घरी आलो असं होतं, तेही माहीत नव्हतं. उजवीकडे दोन पावलं गेला. परत आला. फाटकाच्या बाहेर गेला, पुन्हा आत. समोरच्या दुकानदारानं मान बाहेर काढून बघितलं.

मी वरून काही सांगणार होते. पण सांगणार काय? आता ये? अजून थोडं थांब? मलाही काहीच कळत नव्हतं.

मग दादानं मान वर केली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि गल्ली दणाणेल असा ओरडला, "येऊ का?"

खिडक्या उघडल्या. मुंगीनं श्वास घेतला, पण तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधी आतून उत्तर गेलं. अण्णांचं. खाटेवरून, भिंतीकडे तोंड करून, इतक्या मोठ्यानं की मी दचकून कठडा धरला. तो आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

"ये ना रे! कधीची वाट बघतोय!"

खाली दादा जागच्या जागी थांबला. विचारलं होतं मुलीला. तो वर बघत राहिला, एक पाय पायरीवर, आणि मला वाटतं तो क्षणभर विसरला की तो कुणाचा बाप आहे आणि कुणाचा मुलगा. मग पळतच जिना चढायला लागला, ओरडत, काय ओरडत होता ते एक अक्षर कळत नव्हतं.

मुंगीनं माझा पदर ओढला. पिशवीतला ब्रश तिनं काढून हातात घेतला होता.

"आत्या, आज नको," ती म्हणाली. "आज बाबा येतोय."